भरपाईचा आकडा पुराव्यावर उभा राहतो

मी भिलाईला राहतो आणि दुर्गच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. माझं बहुतेक काम अपघाताच्या भरपाईचं असतं, ज्याला आमच्याकडे सगळे ‘क्लेम केस’ म्हणतात. या मालिकेत मला विषय दिलाय तो असा: नुकसान झालेल्या माणसाच्या बाजूने उभं राहणाऱ्या वकिलाने पूर्ण रक्कम मिळवायची कशी? ऐकणाऱ्यांत तरुण वकील आहेत आणि ज्यांच्या घरात अपघात झालाय अशी कुटुंबंही आहेत. म्हणून दोघांना समजेल असं बोलणार आहे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. जमिनीच्या भांडणात ती खरीही असेल. पण ज्या घरातला कमावता माणूस रस्त्यावर गेला, त्या घराने ही म्हण पाळली तर त्यात शहाणपण नाही, नुकसान आहे. भरपाई म्हणजे भीक नाही आणि दानही नाही. समोरच्या गाडीचा विमा काढलेला असतो आणि तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, तो नेमका यासाठीच.

पहिली गोष्ट स्पष्ट करतो. या विषयावर इंटरनेटवर सर्वांत जास्त सामग्री अमेरिकेची आहे. तिथे दिवाणी दाव्यातही ज्यूरी असते. सामान्य नागरिक बसतात, दोन्ही वकिलांचं ऐकतात आणि आकडा ठरवतात. म्हणून तिथल्या वकिलांचं शास्त्र ज्यूरीच्या मनाभोवती फिरतं. डॉन कीनन आणि डेव्हिड बॉल यांचं २००९ साली आलेलं ‘रेप्टाइल’ नावाचं पुस्तक त्या वर्तुळात खूप गाजलं. त्याचा गाभा असा की ज्यूरीकडे दया मागू नका. समोरच्याने सुरक्षिततेचा कोणता नियम मोडला आणि त्यामुळे सगळ्या गावाला कसा धोका झाला, ते दाखवा.

तिथलेही मोठे आकडे जसेच्या तसे टिकत नाहीत. मॅकडोनाल्डच्या गरम कॉफीने भाजलेल्या आजींची केस सगळ्यांना माहीत असते. १९९४ मध्ये ज्यूरीने त्यांना सुमारे २८ लाख ६० हजार डॉलर दिले. बातमी जगभर गेली. पण न्यायाधीशांनी ती रक्कम सुमारे ६ लाख ४० हजारांवर आणली आणि पुढे दोन्ही पक्षांनी आपसात मिटवलं. हा दुसरा भाग फार कमी लोकांना ठाऊक असतो.

आपल्याकडे ज्यूरी नाही. नानावटी खटला मराठी घरांत आजही चर्चेला निघतो. १९५९ साली मुंबईत ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. अपघाताच्या दाव्यात तर तुमच्यासमोर एक न्यायाधीश असतात आणि त्यांच्यापुढे एक सूत्र असतं. तुमचा आवाज किती चढला याने त्या सूत्रातला एकही आकडा हलत नाही. तो हलतो पुराव्याने. आजच्या भाषणात हे एकच वाक्य मी वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे.

सूत्र आधी समजून घ्या

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १६६ खाली दावा होतो आणि कलम १६८ म्हणतं की न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ भरपाई द्यावी. न्याय्य म्हणजे किती? पूर्वी यात फार गोंधळ होता. एकाच प्रकारच्या अपघाताला एका जिल्ह्यात एक रक्कम, दुसऱ्यात भलतीच. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात तक्ता घालून दिला आणि ३१ ऑक्टोबर २०१७ ला प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यावर शिक्का मारला.

मृत्यूच्या दाव्यात पायऱ्या अशा. मृताचं मासिक उत्पन्न घ्या. त्यात भविष्यातल्या वाढीसाठी भर घाला. कायम नोकरी असेल तर ४० वर्षांखाली ५० टक्के, ४० ते ५० वयाला ३० टक्के, ५० ते ६० ला १५ टक्के. स्वतःचा धंदा किंवा ठराविक पगार असेल तर अनुक्रमे ४०, २५ आणि १० टक्के. मग मृताचा स्वतःचा खर्च वजा करा. अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मा, दोन-तीन अवलंबित असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, सहापेक्षा जास्त असतील तर एक पंचमांश. उरलेल्याला १२ ने गुणा म्हणजे वर्षाचं नुकसान. त्याला वयाप्रमाणे गुणक लावा. २५ वर्षांपर्यंत १८, २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७ आणि त्यापुढे ५.

आता एक हिशेब करू. वही-पेन असेल तर घ्या. ३८ वर्षांचा माणूस, मागे बायको, दोन मुलं आणि आई. म्हणजे अवलंबित चार. पगार ३०,००० आणि नोकरी कायम, हे कागदाने सिद्ध झालं. ३०,००० अधिक ५० टक्के म्हणजे ४५,०००. एक चतुर्थांश वजा, राहिले ३३,७५०. वर्षाचे ४,०५,०००. गुणक १५. एकूण ६०,७५,०००.

तोच माणूस, तेच कुटुंब, पण उत्पन्नाचा एकही कागद कोर्टासमोर आला नाही. न्यायाधीशांनी मजुरीचे दर पाहून अंदाजे १२,००० धरले. अधिक ४० टक्के म्हणजे १६,८००. एक चतुर्थांश गेले, राहिले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. गुणिले १५. एकूण २२,६८,०००.

फरक ३८ लाखांचा आहे. दोन्हीकडे माणूस तोच गेला, दुःख तेच, मुलं तीच. एका फाइलमध्ये पगाराचा पुरावा होता, दुसरीत नव्हता. तरुण वकिलांनी हे दोन आकडे टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवावेत.

उत्पन्न सिद्ध करणं हेच अर्ध काम

भिलाईत हा प्रश्न रोजचा आहे. पोलाद कारखान्याच्या कायम कर्मचाऱ्याचं सोपं असतं. पगारपत्रक, फॉर्म १६, सगळं मिळतं. पण कारखान्यात आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत हजारो माणसं ठेकेदारांकडे काम करतात. खुर्सीपारचा वेल्डर, सुपेल्यातला फिटर, चरोद्याचा ड्रायव्हर. पगार किती, असं विचारलं तर वहिनी सांगतात, ‘घरात पंचवीस हजार यायचे.’ कागद मागितला तर ट्रंकेतून गेट पास निघतो.

गेट पासही कामाचा आहे, फेकू नका. तो ठेकेदाराचं नाव सांगतो. तिथून पुढचा धागा मिळतो. भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक पाहा. त्यात दर महिन्याची वर्गणी असते आणि वर्गणीवरून वेतन निघतं. ईएसआयचं कार्ड पाहा. बँकेचं खातं पाहा, किमान वर्षभराचं. कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी, घरभाडं या गोष्टी थेट उत्पन्न सिद्ध करत नाहीत, पण ज्या घरातून महिन्याला नऊ हजारांचा हप्ता नियमित जात होता, त्या घराचं उत्पन्न बारा हजार होतं असं म्हणणं न्यायाधीशांनाही जड जातं.

नुसता कागद लावून भागत नाही. पगाराचा दाखला देणाऱ्याला साक्षीला बोलवा आणि मजुरीचं रजिस्टर घेऊन बोलवा. तो येत नसेल तर समन्स काढायला लावा. कलम १६९ प्रमाणे न्यायाधिकरणाला त्यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. अनेक फाइलींत दाखला जोडलेला असतो, पण तो सिद्ध करायला कोणी आलेलं नसतं. विमा कंपनीचा वकील एवढंच म्हणतो, ‘हा दाखला सिद्ध नाही,’ आणि खाली बसतो. त्याचं काम झालेलं असतं.

धंदा असेल तर आयकराचं विवरणपत्र सर्वांत मजबूत, पण ते अपघाताच्या आधी भरलेलं हवं. मृत्यूनंतर घाईने भरलेल्या विवरणपत्राकडे कोर्ट संशयाने पाहतं आणि तो संशय मग बाकीच्या खऱ्या कागदांवरही पसरतो.

गृहिणीचं काम मोजायला लावा

काही घरांत मला ऐकू येतं, ‘काकू गेल्या, पण त्या कमावत नव्हत्या, मग क्लेम कशाचा?’ हा गैरसमज मनातून काढून टाका.

आमच्यासारखंच पोलादाचं गाव म्हणजे जमशेदपूर. ३ मार्च १९८९ ला तिथे टाटांच्या कारखान्याच्या संस्थापक दिनाच्या कार्यक्रमात आग लागली. मंडपात बायका-मुलं मोठ्या संख्येने होती. भरपाई ठरवण्याचं काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे दिलं, म्हणजे आपल्या पुण्याच्या माणसाकडे. पुढे २००१ मध्ये लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचं मोल निदान महिना ३,००० रुपये धरलं आणि मुलांच्या भरपाईचा पायाही वाढवला. आज तो आकडा लहान वाटेल, पण घरकामाला रुपयांत किंमत आहे हे तिथे ठामपणे लिहिलं गेलं.

२०१० च्या अरुण कुमार अगरवाल निकालात तर न्यायालयाने जनगणनेवरच बोट ठेवलं. गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत ‘अनुत्पादक’ म्हणून बसवलं होतं, त्यावर कडक शब्दांत टीका केली. २०२१ च्या कीर्ती प्रकरणाने सांगितलं की गृहिणीचं उत्पन्न मानीव धरलं तरी त्यावर भविष्यातली वाढ द्यायला हवी.

मग वकिलाने काय करायचं? साक्षीत नुसतं ‘गृहिणी होत्या’ एवढं लिहू नका. सकाळी किती वाजता उठत होत्या, किती माणसांचा स्वयंपाक, सासूबाईंची औषधं कोण देत होतं, मुलांचा अभ्यास कोण घेत होतं, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेत होत्या का, शिवण करत होत्या का, हे सगळं शपथपत्रात येऊ द्या. आणि आता ती कामं कोण करतं, त्याला किती पैसे जातात, हेही येऊ द्या. स्वयंपाकाच्या बाईंना आणि म्हाताऱ्या माणसाची काळजी घेणाऱ्या मदतनिसाला महिन्याला किती द्यावे लागतात हा आकडा साक्षीत आला की न्यायाधीशांच्या हाती मोजायला काहीतरी लागतं.

जखमी माणसाच्या दाव्यात डॉक्टर हा मुख्य साक्षीदार

मृत्यूच्या दाव्यापेक्षा जखमीचा दावा अवघड असतो, कारण माणूस समोर उभा असतो आणि विमा कंपनी म्हणते, ‘बरा तर दिसतोय.’

राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालाने एक फरक शिकवला. शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं अपंगत्व वेगळं. डाव्या हाताचं बोट गेलं तर बँकेतल्या कारकुनाची नोकरी बहुधा चालू राहील. तेच बोट तबलजीचं गेलं तर? मध्य प्रदेशातल्या मोहन सोनी प्रकरणात हातगाडी ओढणाऱ्या मजुराचा पाय कापावा लागला. प्रमाणपत्र ६० टक्क्यांचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विचारलं की एका पायावर तो गाडी ओढणार कशी, आणि कमाईचं नुकसान ९० टक्के धरलं.

याचाही हिशेब पाहू. २८ वर्षांचा वेल्डर, उत्पन्न १८,०००. जखमीलाही भविष्यातली वाढ मिळते, हे २०२० च्या पप्पू देव यादव निकालानंतर पक्कं आहे. म्हणजे २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. गुणक १७. पूर्ण नुकसान ५१,४०,८००. इथे स्वतःच्या खर्चाची वजावट नाही, कारण माणूस जिवंत आहे, जेवणार आहे. याचे ६० टक्के ३०,८४,४८० होतात आणि ९० टक्के ४६,२६,७२०. फरक पंधरा लाखांहून जास्त. हा फरक एका साक्षीवर ठरतो.

म्हणून डॉक्टरांना साक्षीला आणा. त्यांना तीन प्रश्न विचारा. हे अपंगत्व एका अवयवाचं आहे की सगळ्या शरीराचं? ते कायमचं आहे का? हा माणूस त्याचं मूळ काम करू शकेल का? तिसऱ्या प्रश्नाआधी डॉक्टरांना त्या कामाची माहिती द्या. वेल्डरला एका हाताने होल्डर धरावा लागतो, दुसऱ्याने तोल सांभाळावा लागतो, उंचीवर चढावं लागतं, हे डॉक्टरांना कोणी सांगितलेलं नसतं. शक्य असेल तर त्याच कामातल्या एखाद्या मुकादमाचीही साक्ष घ्या.

सेवा करणाऱ्या माणसाचा खर्च विसरू नका. २०२० च्या काजल प्रकरणात लहान मुलीला डोक्याला मार लागून ती आयुष्यभरासाठी परावलंबी झाली होती. न्यायालयाने तिच्या मदतनिसाच्या खर्चालाही गुणक लावला. घरातली आईच सेवा करते म्हणून तो खर्च शून्य होत नाही. आईचे हातसुद्धा मोजायचे असतात.

चूक कोणाची, हे दाखवताना नियम दाखवा

अमेरिकेतल्या त्या पुस्तकातली एक गोष्ट आपल्याकडेही चालते. ‘ट्रक भरधाव होता’ हे वाक्य प्रत्येक फिर्यादीत असतं. त्यापेक्षा कोणता नियम मोडला ते सांगा.

आमच्याकडच्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, ज्याला जुनी मंडळी जीई रोड म्हणतात, रात्री बंद पडलेले किंवा उभे केलेले ट्रक दिसतात. मागे दिवा नाही, त्रिकोण नाही. दुचाकीवाला मागून धडकतो आणि विमा कंपनी म्हणते, ‘धडकला तोच, चूक त्याचीच.’ अर्चित सैनी प्रकरणात असाच रस्त्यात उभा केलेला टँकर होता. उच्च न्यायालयाने कारचालकाचीही निम्मी चूक धरली होती; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा मूळ निष्कर्ष कायम केला की चूक टँकरचीच. तिथे प्रत्यक्ष साक्षीदार होता आणि घटनास्थळाचा नकाशा होता. म्हणून नकाशा वाचायला शिका. गाडीची तांत्रिक तपासणी वाचा. डेंट कुठे आहे, ब्रेकची खूण किती लांब आहे, हे कागद बोलतात.

पुराव्याचं माप फौजदारीसारखं कडक नाही, हेही ध्यानात ठेवा. बिमला देवी निकालात २००९ मध्येच सांगितलंय की इथे संभाव्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढं पाहायचं. चालक फौजदारीत सुटला म्हणून दावा पडत नाही. दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून मृताची चूक ठरत नाही. त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, असा संबंध दाखवावा लागतो. हे २०२० च्या मोहम्मद सिद्दिकी निकालात आहे. चालकाकडे परवाना नव्हता असं निघालं तरी कुटुंबाने घाबरू नये. अनेक प्रकरणांत कोर्ट विमा कंपनीला सांगतं की आधी कुटुंबाला द्या, मग गाडीमालकाकडून वसूल करा.

कागद कुठे, दावा कुठे, कधी

हा भाग राज्याबाहेरच्या मराठी मंडळींसाठी खास. आपली माणसं भिलाईहून नागपूरला लग्नाकार्याला जातात. वाटेत राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा. समजा साकोलीजवळ अपघात झाला. फिर्याद महाराष्ट्र पोलिसांकडे, मराठीत. मग दावा भंडाऱ्यालाच करायचा का? नाही. कलम १६६ प्रमाणे अपघात झाला तिथे, दावेदार राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे, यांपैकी कुठेही करता येतो. २०१६ च्या मालती सरदार निकालाने विमा कंपनीचं कार्यालय जिथे आहे तिथलाही दावा ग्राह्य धरला. विधवा बाईने दर तारखेला, ज्याला आम्ही इथे पेशी म्हणतो, दोन मुलं घेऊन परजिल्ह्यात जाण्याची गरज नाही.

मात्र दुर्गला काम हिंदीत चालतं. मराठी फिर्याद, पंचनामा, सातबारा, शाळेचा दाखला या सगळ्यांचं हिंदी भाषांतर मूळ प्रतीसोबत लावा. वयाच्या पुराव्यात तर फार काळजी घ्या. आधार कार्डावर ४१ आणि शाळेच्या दाखल्यावर ४० असेल तर गुणक १५ वरून १४ वर जातो. नावाच्या स्पेलिंगमधला घोळ आधीच शपथपत्राने मिटवा.

मुदतीबद्दल. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. तिला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कोणीही बसू नये. तेराव्यानंतर घर सावरायला वेळ लागतो, हे मला कळतं. पण पहिल्याच महिन्यात घरातल्या एका माणसाने, मेहुणा असेल, पुतण्या असेल, ही जबाबदारी घ्यावी आणि एक फाइल करावी. नव्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. तो गेला का, याची विचारपूस करत राहा.

९ एप्रिल २०२४ च्या रात्री कुम्हारीजवळ कामगारांची बस मुरमाच्या खाणीच्या खड्ड्यात पडली आणि बारा जणांचा जीव गेला. अशा मोठ्या घटनेत मदतीच्या घोषणा लवकर होतात. त्या घ्याव्यात. पण घोषणेची मदत आणि कायद्याची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी सोडून देऊ नका आणि कुठल्याही ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका.

असंच आणखी एक. आयुर्विम्याचे पैसे मिळाले म्हणून भरपाई कमी होत नाही. हेलन रिबेलो विरुद्ध महाराष्ट्र एसटी या प्रकरणात ते ठरलंय. भविष्यनिर्वाह निधी, कुटुंब निवृत्तिवेतन, अनुकंपा नोकरी यांचीही वजावट होत नाही, हे २०१३ च्या विमल कंवर निकालात आहे. भिलाईत अनुकंपा नोकरीचा विषय घराघरांत असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आकडा किती मागायचा

तरुण वकील विचारतात, ‘सर, दोन कोटी लिहू का?’ मी विचारतो, ‘हिशेब कुठाय?’ नागप्पा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की न्यायाधिकरण मागितल्यापेक्षा जास्तही देऊ शकतं. त्यामुळे फुगवून लिहिण्यात फायदा नाही. उलट पहिल्याच पानावर अवास्तव आकडा दिसला की वाचणाऱ्याचा विश्वास कमी होतो.

माझी पद्धत सांगतो. अंतिम युक्तिवादाला मी एका पानाचा तक्ता देतो. प्रत्येक ओळीत एक आकडा आणि त्यापुढे तो कोणत्या कागदातून किंवा कोणत्या साक्षीदाराच्या कोणत्या परिच्छेदातून आला ते. उत्पन्न, वाढ, वजावट, गुणक. मग पत्नीच्या साहचर्याचे, मुलांचे, आई-वडिलांचे वेगळे, कारण २०१८ च्या मॅग्मा निकालाने तिघांचंही नुकसान मानलंय. प्रणय सेठीने साहचर्याला ४०,०००, अंत्यविधीला १५,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीला १५,००० ठरवले आणि दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ सांगितली. ती वाढ मागायला विसरू नका. शेवटी दावा दाखल केल्याच्या तारखेपासूनचं व्याज. न्यायाधीशांना निकाल लिहिताना हा तक्ता समोर ठेवता येतो.

खोट्याबद्दल दोन शब्द. दवाखान्याची वाढीव बिलं, नंतर बसवलेला साक्षीदार, बदललेली गाडी, हे प्रकार होतात. अशा एका कागदाने त्या कुटुंबाचा खरा दावाही बुडतो आणि पुढच्या दहा खऱ्या दाव्यांकडे कोर्ट तिरक्या नजरेने पाहू लागतं. मी हे नीतीसाठी सांगतोच, पण व्यवहार म्हणूनही सांगतो.

फीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. अमेरिकेत वकील जिंकलेल्या रकमेतला हिस्सा घेतात, तिथे ते कायदेशीर आहे. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा रकमेत वाटा घेणं वकिलाला मना आहे. जे कुणी दवाखान्याच्या दारात येऊन ‘काही देऊ नका, मिळतील त्यातले तीस टक्के’ म्हणतात, त्यांच्यापासून सावध राहा. फी आधी ठरवा, लिहून घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तडजोड आणि त्यानंतर

लोकअदालतीत बरेच दावे मिटतात आणि त्यात वाईट काही नाही. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून सही करण्याआधी सूत्राने आपला आकडा काढा. विमा कंपनी त्याच्या जवळ येत असेल तर लवकर मिळालेले पैसे बरे. निम्म्यावर अडून बसली असेल तर साक्षीपुरावा होऊ द्या. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. आमच्यासाठी ते बिलासपूरला.

पैसे हाती आल्यावरची काळजीही वकिलाच्या कामात धरा. मुलांचा हिस्सा कोर्ट बहुधा मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. घरच्यांना ते जाचक वाटतं. दीर म्हणतात, प्लॉट घेऊ. भाऊ म्हणतो, धंद्यात टाकू. त्या वेळी वहिनींना शांतपणे सांगावं लागतं की हे पैसे म्हणजे तुमच्या नवऱ्याचे पुढच्या पंधरा वर्षांचे पगार आहेत, एकदम आलेत एवढंच. ते दर महिन्याला थोडे थोडे येत राहतील अशी सोय करा.

कारखान्याच्या आतल्या अपघातांबद्दल मी आज बोललो नाही. भिलाईने २०१४ ची वायुगळती पाहिलीय, २०१८ ची आग पाहिलीय. त्या भरपाईचा कायदा आणि हिशेब वेगळा आहे, त्यावर स्वतंत्र भाषण करू.

आज ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी असं काही घडलेलं नाही, त्यांनी या रविवारी एक काम करा. घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाच्या पगाराचे, बँकेचे, निधीचे आणि वयाचे कागद एका फाइलमध्ये लावा, आणि ती फाइल कुठे ठेवलीय ते घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगा. ती उघडायची वेळ कोणावरही न येवो. आता प्रश्न विचारा, जमेल तेवढी उत्तरं देतो.